एकही दिवस पहिली न येता

मैत्रिणींनो, आज दुपारचं हे आपल्या मंडळाच्या फळ्यावर चिकटवते आहे. पोटात ठेवून स्वयंपाक सुचेना.

माझा धाकटा भाऊ शाळेत खेळाचा शिक्षक. मुलींची तीन दिवसांची सायकल शर्यत त्यानेच घेतली, रोज सोनई ते शनिशिंगणापूर आणि परत. माझ्या सुनंदाला तोच म्हणाला होता, "परदेशात वीस-एकवीस दिवस शर्यत चालते. सगळ्या दिवसांच्या वेळेची बेरीज करतात, ज्याची कमी तो जिंकतो. आपल्याकडेही तसंच. एकही दिवस पहिला न येता माणूस अख्खी शर्यत जिंकू शकतो! तू फक्त रोज पुढचीला धरून राहा."

पोरीने तसंच केलं. तिन्ही दिवस दुसरी आली. पहिली मात्र रोज वेगळी, आणि ती बाकीचे दोन्ही दिवस पार मागे. रेडिओशी मिळवलेलं घड्याळ घेऊन मी रोज वेळा लिहिल्या. सगळ्यात कमी बेरीज सुनंदाचीच.

आज ढाल मिळाली सरपंचांच्या पुतणीला, कारण ती शेवटच्या दिवशी पहिली आली.

मी वही पुढे केली. भाऊ हळूच म्हणाला, "ताई, मिट ती वही. बेरीज मला बी येते. पण ढाल कुणी दिली हाय, ते बघ की."

सकाळीच आम्ही दोघांनी मिळून शनिदेवाला तेल वाहिलं होतं.

वाटेत सुनंदाने विचारलं, "आई, मामाने सांगितलेलं खोटंच होतं ना?"

खरं होतं म्हणावं, तर निकाल फिरवणारा मामा खोटा ठरतो. खोटं म्हणावं, तर ती जिंकलीच नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?