न्या लिब्रादाचा सोयो

न्या लिब्रादाला, म्हणजे लिब्रादाबाईला, एका जागी पाच मिनिटं बसलेली कोणी पाहिली असेल, तर त्यानं येग्रोस गावच्या चौकात येऊन खुशाल सांगावं. कोणी विश्वास ठेवणार नाही. चर्चमध्ये ती नेहमी शेवटच्या बाकाच्या कडेला बसायची, म्हणजे प्रार्थना चालू असताना मधूनच बाहेर एक चक्कर टाकून येता येई. जेवताना दोन घास खाल्ले की पाण्यासाठी उठायची, पाणी आलं की मिठासाठी, आणि मीठ आलं की कोंबड्या का ओरडताहेत ते बघायला. "हिच्या पायाला भिंगरी नाही, ही स्वतःच भिंगरी आहे," असं तिचा नवरा एलिओदोरो म्हणायचा. सहासष्टावं लागलं तरी त्यात तसूभर फरक नव्हता.

आणि अशा बाईचं नाव गाजलं ते सोयोमुळे, एका जागी उभं राहूनच करावं लागणाऱ्या मांसाच्या सूपमुळे! पुचेरोचं तसं नाही. बैलाची हाडं, भोपळा, मक्याची कणसं एकदा पातेल्यात पडली की बाई गावभर फिरून आली तरी पुचेरो आपला शिजत राहतो. सोयो मात्र करणारीला खिळवून ठेवतो. चरबीचा कणही नसलेलं बीफ लाकडी उखळात थोड्या तांदळाबरोबर पार लगदा होईस्तोवर कुटायचं. तो लगदा गार पाण्यात कालवायचा, कांदा-टोमॅटो घालायचे, पातेलं शेगडीवर चढवायचं आणि पहिली उकळी फुटेपर्यंत चमचा फिरवत राहायचं. अर्धा तास लागो, पाऊण तास लागो. हात थांबला की मांसाचे गोळे एकीकडे, पिवळट पाणी एकीकडे. सोयो फाटला.

पण त्या मुलखात हात थांबला असं कोणी म्हणत नाही. नजर लागली म्हणतात. म्हणून सोयो चुलीवर असताना स्वयंपाकघरात कोणी पाऊल टाकत नाही, आणि जिची नजर जड अशी ख्याती आहे तिला तर अंगणाच्या पलीकडे बसवतात. मोठी सोयीची रीत आहे ही. नजरेच्या नावानं खापर फोडलं की करणारीचा हात मोकळा.

गेली अकरा वर्षं न्या लिब्रादानं उखळाला हात लावला नव्हता. रविवारी पोरंबाळं जमली की ती पुचेरो करायची, रस्सा करायची, पावाचा चुरा लावून तळलेले मांसाचे पातळ काप करायची. सोयोचं कोणी नाव काढलं की म्हणायची, "खांदे दुखतात रे, कुटवत नाही आता." खांद्यांना काहीही झालेलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी अशाच एका जुलैतल्या रविवारी तिच्या धाकट्या लेकीला, सुनिल्दाला, बघायला मुलाकडची मंडळी व्हियारिकाहून जेवायला येणार होती. म्हणजे बघून झालं होतं, पोरांचं जमलंही होतं. आता फक्त थोरामोठ्यांनी एका टेबलाशी बसायचं राहिलं होतं. न्या लिब्रादा शेगडीपुढे उभी, हातात चमचा. उकळी यायला अजून अवकाश होता. तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा आवाज झाला आणि तिच्या तळपायांना मुंग्या आल्या. गाडी कसली असेल? स्वतःची की भाड्याची? बघायलाच हवं! चमचा शेगडीच्या कठड्यावर ठेवून ती कुंपणापाशी धावली. गाडी स्वतःची होती, पांढरी होती, मोठी होती. मागच्या दारानं परत येऊन बघते तर पातेल्यात गोळे तरंगत होते.

दारात सुनिल्दा उभी होती. कुठली ताटं काढू, असं विचारायला आलेली. तिच्या मागून नणंद देओलिंदानं मान उंचावली आणि किंचाळली, "अगंबाई, वहिनी! फाटला की सोयो!"

पाहुणे पडवीत चढत होते. न्या लिब्रादाच्या तोंडून निघून गेलं, "हिनं डोकावलं ना! हिच्याच नजरेनं गेला."

बोलून गेली ती एवढंच, पण मुलाच्या आईनं ते ऐकलं. ती गोड हसली, सोयोऐवजी जे काही पुढे आलं ते जेवली, आणि आठ दिवसांत निरोप आला की मुलाचा विचार सध्या थांबायचा आहे. गावाला तर आयतंच सापडलं. सुनिल्दा दुकानात शिरली की टवाळ पोरं म्हणायची, "दूध झाका रे, दूध!" वर्षाच्या आत ती ब्वेनोस आयरेसला निघून गेली, म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या कामावर. रविवारी फोन यायचा, तो बापासाठी. आईशी बोलणं एवढंच: "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" "मीही."

आता एलिओदोरो सत्तर वर्षांचा होणार होता, आणि त्याच्या हट्टाखातर सुनिल्दा तीन दिवसांसाठी येणार होती. शनिवारी पोचायची, सोमवारी पहाटेच्या बसनं परत. हे कळल्यापासून न्या लिब्रादाचा जीव थाऱ्यावर नव्हता. या वेळी सांगायचंच, असं तिनं ठरवलं होतं. सोमवारची बस सुटायच्या आत. नाहीतर मग कधी? त्यात नवऱ्यानं आणखी भर घातली.

"वाढदिवसाला मला सोयो पाहिजे."

"पुचेरो करते की मोठा! मज्जेची हाडं आणवते."

"सत्तर वर्षांचा होतोय मी. हाडं चोखायला दात कुठे आहेत? सोयो."

शनिवारी सुनिल्दा आली. केस आखूड केलेले, कपाळावर दोन आठ्या, आवाज शांत. संध्याकाळी दोघी पडवीत माते, म्हणजे तिकडचा कडवट पाल्याचा चहा, पीत बसल्या. लेकीनं भरलेली वाटी पुढे केली. न्या लिब्रादानं एक घोट घेतला, म्हणाली, "सुनिल्दा, त्या दिवशी..." आणि ताडकन उठली. "ती कोंबडी बघ कुठे चढलीय!" कोंबडी कुठेही चढलेली नव्हती. रात्री ती तीनदा पाणी प्यायला उठली आणि तिन्ही वेळा लेकीच्या दारावरून परत फिरली. स्वतःचा इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

रविवारी सकाळी उखळ बाहेर निघालं. मुसळाचा आवाज ऐकून शेजारीपाजारी कुंपणावरून विचारू लागले, "न्या लिब्रादा, खांदे बरे झाले वाटतं?" ती उत्तर न देता कुटत राहिली. अकरापर्यंत पातेलं शेगडीवर चढलं होतं आणि चमचा फिरत होता. सोपा, म्हणजे मक्याच्या पिठाची चीज घातलेली जाड वडी, भट्टीतून निघाली होती, मांदिओकाचे कंद उकडून तयार होते. मुलगे, सुना, नातवंडं अंगणात बापाभोवती गलका करत होती. देओलिंदा दारात पहारा देत बसली होती.

खिडकीतून न्या लिब्रादाला संत्र्याचं झाड दिसत होतं. झाडाखाली सुनिल्दा संत्री सोलत होती. खुर्ची तिनं मुद्दाम फिरवून घेतली होती. स्वयंपाकघराकडे पाठ.

कोणी तिला सांगितलं नव्हतं. आपली आपण फिरवून बसली होती.

न्या लिब्रादानं चमचा फिरवता फिरवता खिडकीकडे तोंड केलं. "सुनिल्दा," तिनं हाक मारली. "जरा आत ये गं."

"झाल्यावर बोलाव, आई."

"अगं, ये म्हणते ना!"

"भलतंच काय, वहिनी!" देओलिंदा दाराआडून दबक्या आवाजात म्हणाली. "एकदा झालं तेवढं पुरे नाही का? आज दादाचा दिवस आहे."

दबका आवाज अंगणभर पोचला. सुनिल्दा उठली. भांडली नाही, रडली नाही. तिनं खुर्ची उचलली, आणखी चार पावलं लांब नेऊन ठेवली आणि पुन्हा पाठ करून बसली. बोटं पुन्हा संत्र्यावर चालू लागली, अगदी सवयीनं.

उकळी यायला दोन-तीन मिनिटं तरी होती. न्या लिब्रादानं चमचा कठड्यावर ठेवला.

"वहिनी! हात! हात सोडलात!"

"सोडला. तू आत जाऊ नकोस, नुसती बघ."

ती अंगणात आली. सगळे वळून बघू लागले, कारण सोयो चुलीवर असताना करणारी बाहेर आलेली कोणी पाहिली नव्हती. ती लेकीच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. पाय पळायला बघत होते. तिनं खुर्चीची कड घट्ट धरली.

"त्या दिवशी मी अशीच बाहेर आले होते," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "कुंपणापाशी. पाहुणे कसल्या गाडीतून आले ते बघायला. चमचा मी सोडला होता. तुझ्या नजरेला नावं ठेवली ती माझी लाज झाकायला. चूक माझी होती, सुनिल्दा. अकरा वर्षं मी तोंड उघडलं नाही."

आत पातेल्यात बुडबुड आवाज झाला. देओलिंदानं डोकावून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. सोयो फाटला होता, आणि स्वयंपाकघरात कोणीच नव्हतं.

सुनिल्दानं हातातलं संत्रं मांडीवर ठेवलं. "मला माहीत आहे, आई."

"काय माहीत आहे?"

"मी आले तेव्हा चमचा कठड्यावर होता आणि तू कुंपणापाशी टाचा उंचावून उभी होतीस. तू आत यायच्या आधीपासून मी दारात होते."

"मग बोलली का नाहीस?" न्या लिब्रादानं विचारलं. "अगं, सगळ्यांसमोर सांगायचं होतंस!"

"सगळ्यांसमोर तुला खोटं पाडू? त्या मंडळींपुढे?" सुनिल्दा म्हणाली. "मला वाटलं, संध्याकाळपर्यंत तूच सांगशील. मग वाटलं, पुढच्या रविवारी. मग तर मी फोनवर वाट बघायला लागले."

एलिओदोरोनं घसा खाकरला. "फाटलेला असला तरी माझाच आहे ना तो? वाढा. सत्तर वर्षांच्या माणसाला भूक लागलीय."

गोळे आणि पाणी, जे होतं ते ताटल्यांत वाढलं गेलं. दिसायला वाईट, चवीला बरं. देओलिंदा मान खाली घालून जेवली, आणि जेवताना एकदाही बोलली नाही, हेही येग्रोसमध्ये प्रथमच घडलं. दोन घास झाले. न्या लिब्रादा सवयीनं टेबलाला हात टेकून उठायला लागली. "मीठ कमी आहे, आणते."

सुनिल्दानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"तू बस. मी आणते."

आणि ती उठून सरळ स्वयंपाकघरात गेली. तिला मीठ सापडायला वेळ लागला, डबे जागचे हललेले होते. फळ्यांवरच्या डब्यांची उघडझाप अंगणात ऐकू येत होती. न्या लिब्रादा ती ऐकत जागेवर बसून राहिली.