खोल समुद्रातला मासा आणि द्वारकेतला मंगळवार

विमान उतरलं तेव्हा दिल्ली धुक्यात बुडाली होती. माझ्या मांडीवरच्या थर्माकोलच्या डब्यात, कोरड्या बर्फात, माशांचे नखाएवढे तुकडे होते. एकाच जातीचे हे मासे काळोख्या खोल पाण्यात राहतात. काही अरबी समुद्रातले, काही बंगालच्या उपसागरातले. दोन्हीकडचे एका गोतातले की कधीच न भेटलेले, हे डीएनएमधल्या खुणा वाचून ठरणार होतं, तेही समुद्रापासून इतक्या दूर गाझियाबादच्या प्रयोगशाळेत. विमानाला उशीर झाला, तोवर ती बंद झाली होती. म्हणून मी दिल्लीतल्याच द्वारका भागात मामीकडे निघाले.

सोसायटीच्या फाटकावर गार्डने अडवून डब्यात काय आहे ते विचारलं. "मछली? आज मंगल है, मैडम." मंगळवार मारुतीचा, त्या दिवशी सोसायटीत मांस-मासळी चालत नव्हती.

सेक्रेटरी अंकल कानटोपी घालून आले. मी म्हटलं, "ये खाने की नहीं, पढ़ने की मछली है."

"तो लाइब्रेरी ले जाइए."

कोरडा बर्फ उडून जात होता, डबा हलका होत चालला होता. तुकडे खराब झाले तर मला पुन्हा बोटीवर जावं लागणार होतं, आणि मला बोट लागते.

तेवढ्यात शाल गुंडाळून मामी खाली आली. "हा मासा राहतो कुठे गं?"

"सूर्य पोचत नाही तिथे."

मामी वळली. "भाईसाहब, वहाँ सूरज ही नहीं निकलता. फिर इसका मंगल कहाँ से आया?"

अंकलसाठी खुर्ची आणली गेली. ते बराच वेळ विचार करत बसले. "लॉजिक तो है," म्हणाले, आणि फाटक उघडलं.

मामीचा फ्रीझर हिवाळ्यातल्या मटारने गच्च भरलेला. जागा करायला निम्मा मटार बाहेर काढला आणि मामी कचोऱ्या तळत सुटली. सगळा मजला जेवायला आला. अंकलनी दुसऱ्या कचोरीनंतर फ्रीझर उघडायला लावला आणि माशांना हात जोडले.

सकाळी कोरडा बर्फ संपला होता. मामीने उरलेल्या मटारच्या पिशव्या डब्यात चारी बाजूंनी ठासल्या. गाझियाबादला तुकडे दगडासारखे घट्ट पोचले. प्रयोगशाळेतल्या मुलीने गंभीरपणे विचारलं, "मटर का भी डीएनए निकालना है?"

मी घरी रत्नागिरीला परतले. काही आठवड्यांनी निकाल आला. दोन्हीकडच्या माशांच्या खुणा वेगळ्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या त्यांची गाठच पडली नव्हती. एवढं मोठं पाणी, आणि कुणी कुणाकडे गेलं नाही, याचं मला उगाच वाईट वाटलं. मामीला फोन केला, तर अंकल तिथेच चहाला बसलेले.

"रिश्तेदार निकले?"

"नहीं, अंकल. कभी मिले ही नहीं."

पलीकडे बशीत कप ठेवल्याचा आवाज आला.

"कोई बात नहीं, बेटा. द्वारका में तो मिल लिए."