तीन इंजिनांवर

अन्याय झाला तो माझ्या दादावर. आई सोमवारी संध्याकाळी गेली. अन्याय झाला मंगळवारी, आखातातून त्याचं विमान उडालं तेव्हापासून.

दादा तिकडं वेल्डर होता. मी तळेगाव ढमढेऱ्याच्या एसटीडी बूथवरून फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "निघतो. मी तोंड बघितल्याबिगर उचलू नका."

केंदूरला, घरी, आईला बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं. उशाशी मेणबत्ती. पांढरं कापड गळ्यापर्यंतच ओढलं. तोंड उघडं, दादासाठी.

तिकडं उडाल्या उडाल्या एक इंजिन निकामी झालं. दादाला खिडकीतून ठिणग्या दिसल्या. विमान चार इंजिनांचं. कॅप्टननं ते बंद केलं, विमान कंपनीशी बोलला आणि मागं न फिरता मुंबईला जायचं ठरवलं. तीन इंजिनांवर विमान उडतं, नियमात बसतं, असं मला नंतर सांगितलं गेलं. बसत असेल. पण तसं उडताना इंधन जास्त लागतं. ते मुंबईपर्यंत पुरेना, म्हणून अहमदाबादला उतरवलं. आणि माणसं आतच बसवून ठेवली.

घोषणा काय, तर "तांत्रिक कारण."

दादानं हवाईसुंदरीला गाठलं. "ताई, माझी आई गेलीय. घरी वाट बघतायत. एक निरोप तेवढा द्या."

"सर, प्लीज बसून घ्या."

इकडं बर्फाचं पाणी अंगणात उतरलं होतं. मावशी पदरानं माश्या वारत होती. मी मुंबईच्या विमानतळावर फोन करून करून दमलो. उशीर आहे, बास. किती, का, कुठं, कुणी सांगेना.

चुलते, आमचे आबा, शेवटी म्हणाले, "पोरा, आता न्हाई थांबवत. तिचे हाल हुत्यात."

"आबा, त्यानं सांगितलंय..."

"आरं, पन हाय कुठं त्यो? कळलं असतं तर अजून बर्फ आणला असता. रातभर बसलो असतो."

दिवस मावळायच्या आत उचललं. तोंडावर कापड मी ओढलं.

दादा बुधवारी सकाळी आला. जीपमधून उतरला, अंगणातली ओल बघितली आणि बॅग हातातच घेऊन उभा राहिला.

"कुणी ठरवलं?"

आबांनी मान खाली घातली.

"तिथं इमानातबी मला न्हाई इचारलं कुणी," दादा म्हणाला. मग आईचं डोकं होतं तिथल्या ओल्या मातीवर जाऊन बसला. उठेचना.

कंपनी म्हणते, सर्व प्रवासी सुखरूप पोचले. मी पत्रकं लिहिणारा माणूस. या एका शब्दाला मला आजवर उत्तर लिहिता आलेलं नाही. सुखरूप!

विमान पुढं न्यायचं की मागं, ते कॅप्टननं ठरवावं. माझं भांडण ते नाही. पण तुम्ही जे वाचताय, तुमच्या कानावर "तांत्रिक कारण" हे शब्द पडतील तेव्हा मान हलवून गप्प राहू नका. काय मोडलं, कुठं उतरणार, आणि आमच्या घरी कोण कळवणार, हे विचारा. शेजारच्यालाही विचारायला लावा. घरी निरोप पोचल्याशिवाय कंपनीच्या माणसांना सोडू नका.