जावयाचं जाकीट

माझा स्वभाव तापट. हे मी मुद्दाम सांगायची गरज नाही, गारखेड्यात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. भांडण अर्धवट सोडणं मला जमतच नाही. समोरचा ‘बरं बाई, तुमचंच खरं’ म्हणेपर्यंत मला घास उतरत नाही. म्हणून आम्ही घरातून ऑनलाइन हिमरू विकायला लागलो तेव्हा आमच्या ह्यांना हायसं वाटलं होतं. गिऱ्हाईक समोर नसणार, म्हणजे ही भांडणार कुणाशी? बिचारे!

हिमरू म्हणजे आमच्या शहराचं जुनं विणकाम, सूत आणि रेशीम मिळून केलेलं, वेलबुट्टीचं. विणकरांकडून माल आणायचा, शाली तशाच विकायच्या, कापडाची बिनबाह्यांची जाकिटं शिवून घ्यायची. पुढच्या खोलीत दोन रॅक, एक टेबल आणि एक आरसा, एवढंच आमचं दुकान. हे निवृत्त झाल्यापासून पॅकिंगचं खातं त्यांच्याकडं आहे. खोकं असं बांधतात की उघडताना गिऱ्हाइकाला घाम फुटावा.

पहिल्याच वर्षी एका गृहस्थानं शाल मागवली, ती त्याला पोचली, आणि पुढं त्यानं बँकेला कळवलं की मला काही मिळालंच नाही, माझे पैसे परत करा. अशी तक्रार आली की आपले पैसे जमा करून देणारी कंपनी आधी ते पैसे अडकवून ठेवते आणि मग आपल्याला विचारते, पुरावा काय? म्हणजे आधी फाशी, मग खटला. आमच्याकडं कुरिअरवाल्याची एक गिचमिड सही होती, ती कुणी मानेना. पैसे गेले, शाल गेली, वर कंपनीची ताकीद आली की पुन्हा अशी तक्रार हरलात तर तुमचे सगळेच पैसे रोखून ठेवू. मी त्या गृहस्थाला फोन लावून जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं फोन ठेवून दिला, तरी मी आपली बोलतच होते.

तेव्हापासून ह्यांनी नेम केला. जवळपासच्या ऑर्डरी आमच्या ओळखीचा एक माणूस मोटरसायकलवरून पोचवतो. त्याला बजावून ठेवलं, घेणाऱ्याचा खोक्यासकट फोटो काढल्याशिवाय तिथून हलायचं नाही. आता या म्हणावं कुणी!

यंदा धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणारा हा अधिक महिना म्हणजे जावयांची चंगळ. सासरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं, कपडे करायचे. ऐन उकाड्यात जाकीट कोण घेणार असं मला वाटलं होतं, पण मानापुढं उकाडा कुणाला लागतो? आमची जाकिटं हातोहात गेली. दिवाळीच्या मालासाठी मी विणकरांना आगाऊ रक्कम कबूल करून बसले.

महिना सरला आणि कंपनीची नोटीस आली. एका जाकिटाचे पैसे अडकवले होते. कार्ड ज्याच्या नावावर आहे तो माणूस म्हणत होता, हा व्यवहार मी केलेलाच नाही, या नावाच्या दुकानाला मी ओळखत नाही.

“ओळखत नाही काय!” मी ओरडले. “अहो, काढा तो फोटो!”

ह्यांनी शांतपणे फोटो काढून माझ्या फोनवर पाठवला. जांभळ्या रंगाचं जाकीट, बिडकीनला गेलेलं. फोटोत एक म्हातारा दारात उभा होता. डोक्यावर पांढरी टोपी, शर्टाची गळ्यापर्यंतची गुंडी लावलेली, खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. फोटो काढतायत म्हणून अगदी ताठ उभा राहिला होता.

“नुसता पाठवून दे कंपनीला,” हे म्हणाले. “भांडू नको.”

पण न भांडता जिंकण्यात काय मजा? ऑर्डरवर एक मोबाईल नंबर होता, तो मी लावला. वाटलं होतं, कुणी टग्या उचलेल. उचलला एका तरुण बाईनं, आणि माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत ती कुजबुजली, “काकू, हळू बोला. पाया पडते. मी येते तुमच्याकडं.”

“हळू बोलणं मला येत नाय,” मी म्हटलं. पण ती दुपारी खरंच आली. स्कूटी लावली, पाणी प्यायली आणि रडायलाच बसली. रडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हा माझ्या धंद्यातला मोठाच दोष आहे.

तिचं म्हणणं असं. माहेर बिडकीनचं, वडील शाळेत शिपाई होते, आता घरीच असतात. मागच्या धोंड्याच्या महिन्यात त्यांनी जावयाला टॉवेल-टोपी केली. सासूनं ती टॉवेल-टोपी शेजारणींना नेऊन दाखवली. “बघा, माझ्या लेकाचा मान!” शेजारणींचं ते हसणं तिच्या वडिलांच्या कानापर्यंत पोचलं. तीन वर्षं म्हातारा लेकीच्या घरी जेवायला आला नाही. दारातूनच खुशाली विचारायचा आणि जायचा.

“या वेळेस मी ठरवलंच होतं,” ती म्हणाली. “मी ब्लाऊज शिवते काकू. त्या पैशाचं घ्यायचं होतं. पण गिऱ्हाइकांकडं उधारी अडकली, आणि दिवस तर जवळ आला. मग हे आंघोळीला गेले तेव्हा ह्यांच्या कार्डावरून घेतलं. फोनवर आलेला आकडा टाकला आणि मेसेज पुसला. ह्यांनी जन्मात कधी कार्डाचं बिल वाचलं नव्हतं हो! यंदाच कशी बुद्धी झाली!”

“अगं मग सांगून टाक की नवऱ्याला. मारतोय का तो?”

“छे! ते लई चांगले आहेत. पण त्यांच्या पोटात काही राहत नाय. सासूबाईंच्या कानावर जाणार. मग गावभर होईल, जावयाच्याच पैशानं जावयाचा मान केला म्हणून. आणि बाबांना तर यातलं काहीच माहीत नाय. ते आधी घ्यायलाच तयार नव्हते. लेकीच्या शिलाईचे पैसे आहेत म्हटल्यावर कसेबसे तयार झाले. हे कळलं तर ते पुन्हा आमच्या दारातसुद्धा उभे राहायचे नाहीत.”

मी फोनवरचा फोटो पाहिला. हा पुरावा पाठवला की बँक तो कार्डवाल्याला दाखवणार. म्हणजे जावयाला काय दिसणार? सासरेबुवा, खोक्यासकट.

तिनं पर्समधून नोटा काढल्या. उधारी आता वसूल झाली होती. “हे घ्या रोख, काकू. आणि ती तक्रार तुम्ही हरा.”

हरा! मला! आतल्या खोलीत हे खोकले. हसू दाबायचं असलं की ते असेच खोकतात.

मी तिला समजावलं की हरणं मला परवडणारं नाही. पुन्हा हरले तर कंपनी सगळेच पैसे रोखणार, आणि विणकरांना शब्द दिलाय. तक्रार मागं घेऊ शकतो तो फक्त तिचा नवरा. “सोमवारपर्यंत थांबते,” मी म्हटलं. “मंगळवारी पुरावा पाठवायची मुदत संपते. तोवर त्याला कसं सांगायचं ते तू बघ. ह्या नोटा ठेव आत.” ती डोळे पुसत गेली. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला तो तिच्या सासूचा. दिवसभर मी त्या न पाहिलेल्या बाईशी मनातल्या मनात भांडत होते.

रविवारी दुपारी दारात एक पस्तिशीचा माणूस उभा राहिला. कपाळावरून घाम निथळतोय, हातात फोन, आणि अंगात आमचंच जांभळं जाकीट. सगळ्या गुंड्या लावलेल्या.

“हे दुकान तुमचंच का?” तो गरजला. “साखरपुड्यावरनं सरळ इकडंच आलोय. लोकांच्या कार्डावरनं पैसे काढता व्हय? मी पोलिसात जाणार आहे!”

अहाहा! कुणी असं अंगावर आलं की माझ्या जिवाला एरवी किती बरं वाटतं म्हणून सांगू! आणि उत्तर तर त्यानं स्वतःच अंगात घातलं होतं. एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर येऊन नाचत होतं.

तेवढ्यात हे पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि जाकीट पाहून म्हणाले, “अरे, हे तर आप—”

“दूध उतू चाललंय!” मी किंचाळले. घरात दूध तापायलाच ठेवलेलं नव्हतं, पण ह्यांना तेवढं पुरलं. इतक्या वर्षांच्या संसाराचा काही तरी उपयोग व्हायला नको?

मी त्या माणसाला पंख्याखाली बसवलं. जाकीट काढा म्हटलं, तर नको म्हणाला. “काय विकलं तुम्ही मला?” त्यानं विचारलं. “कुठं पोचवलं? काही पुरावा आहे का तुमच्याकडं? असंल तर दाखवा!”

फोटो माझ्या हातातल्या फोनवर होता. नुसता हात उलटा करायचा होता. माझ्या डोळ्यांसमोर दिवाळीचा माल आला, विणकरांना दिलेला शब्द आला. आणि ती गळ्यापर्यंत लावलेली गुंडी आली.

“नाय,” मी म्हटलं. “पुरावा नाय.”

आयुष्यात पहिल्यांदा मी जिंकलेलं भांडण सोडून दिलं.

तो चकितच झाला. भांडायला आलेल्या माणसाला समोरून भांडण मिळालं नाही की त्याला हातांचं काय करावं ते कळत नाही. तो उठला, खोलीत इकडं-तिकडं बघू लागला आणि रॅकपाशी थांबला. तिथं याच विणीचं हिरवं जाकीट टांगलं होतं.

“हे तर माझ्यासारखंच आहे,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाजच बदलला. “म्हणजे आमच्या सासऱ्यांनी तुमच्याकडनं घेतलं असणार. मला धोंड्यात त्यांनीच दिलं हे. पेन्शन केवढी त्यांची! मी म्हणत होतो, काही नको. पण म्हातारा ऐकेना. स्वतःच्या हातानं अंगावर चढवलं. जेवायला आमच्या घरी आले त्यानंतर. तीन वर्षांनी! माझ्या आईच्या समोर बसून दोन धोंडे खाल्ले.”

बोलता बोलता त्यानं किमतीची चिठ्ठी उलटी केली. वाचली. मग हातातला फोन पाहिला, त्यावर बिल उघडंच होतं. पुन्हा चिठ्ठी पाहिली. मग समोरच्या आरशात स्वतःकडं पाहिलं.

मी टेबलावरच्या शालीची घडी घालत राहिले. मी बोलले नाही, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

त्यानं वरची गुंडी काढली आणि पुन्हा लावली. “ऑर्डर कुणाच्या नावानं होती?” त्यानं हळूच विचारलं.

“गिऱ्हाइकाचं नाव मी कुणाला सांगत नसते.”

“तिच्या बाबांना माहीत आहे?”

याचं उत्तर मात्र द्यायला हवं होतं. “नाय,” मी म्हटलं. “त्यांना वाटतंय लेकीच्या शिलाईचे पैसे आहेत.”

तो खाली बसला. तांब्याभर पाणी प्यायला. मग माझ्यासमोरच बँकेला फोन लावला, बराच वेळ गाणं ऐकलं, आणि पलीकडं कुणी बोलल्यावर म्हणाला, “तक्रार मागं घ्यायची आहे. व्हय, व्यवहार आमचाच आहे. माझ्या लक्षात आलं नव्हतं.”

मला इतकं हलकं वाटलं की मी ह्यांना खरोखरचं दूध तापवून चहा करायला सांगितलं.

चहा झाल्यावर तो निघाला नाही. त्यानं एक शाल मागितली, म्हाताऱ्या माणसाला शोभेलशी, फार भडक नको. मी पोपटी काठाची काढून दिली. त्यानं पैसे रोख दिले. “कार्ड नको,” म्हणाला, “घरात आता बिल वाचणारे दोघं झालेत.”

“सासऱ्यांना का?” मी विचारलं.

“व्हय. पण माझ्या नावानं दिली तर घ्यायचे नाहीत, म्हणतील जावयाकडनं कसं घ्यायचं. आईनं पाठवली म्हणून सांगतो.” दारात थांबून तो म्हणाला, “काकू, मला कळलंय हे तिला सांगू नका हं.” आणि गेला. याच्या पोटात काही राहत नाही असं ती म्हणाली होती, पण हे मात्र त्यानं पोटात ठेवायचं ठरवलेलं दिसलं.

सोमवारी ती आली नाही. चार दिवसांनी आली ती पेढे घेऊन, आणि आल्या आल्या मला मिठीच मारली. “काकू, तक्रार आपोआप मिटली! बँकेचीच काही तरी चूक असेल.”

“असेल,” मी म्हटलं.

“आणि त्याहून मोठं ऐका. सासूबाईंनी बाबांना शाल पाठवली! हिमरूची! हे मला घेऊन स्वतः बिडकीनला जाऊन देऊन आले. बाबा रडायचेच बाकी होते. मी उगाच सासूबाईंना मनात वाईट म्हणत होते हो. घरी आल्या आल्या त्यांच्या पाया पडले, म्हटलं, आई, तुम्ही बाबांचा लई मान ठेवला, शाल फार सुंदर आहे, तो पोपटी काठ तर फारच शोभतो त्यांना.”

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. आता त्या बाईला काय ठाऊक, कसली शाल नि काय! “मग?” मी विचारलं. “काय म्हणाल्या सासूबाई?”

“त्यांनी आधी ह्यांच्याकडं बघितलं. हे खाली मान घालून जेवत होते. आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘आवडली ना त्यांना? मी म्हटलं होतं, पोपटी काठाचीच घे.’”