दांडीच्या सायकलवरची मैत्रीण

माझी ओढणी सायकलच्या मागच्या चाकात अडकली नसती, तर तिची माझी ओळख झाली नसती. अकरावीचं वर्ष होतं. नारायण पेठेतून मी कॉलेजला निघाले होते. लेडीज सायकल, पुढे बास्केट, अंगात नवाकोरा पंजाबी ड्रेस. लक्ष्मी रस्त्याला लागायच्या आधीच्या वळणावर गळ्याला एकदम हिसका बसला आणि मी सायकलसकट डाव्या कुशीवर आडवी झाले. ओढणीचं टोक आऱ्यांमध्ये गुंडाळलं गेलं होतं. गळा आवळलेला, उठता येईना. दोन-तीन माणसं थांबली आणि पुण्याच्या रीतीप्रमाणे आधी माझं काय चुकलं ते सांगू लागली.

"ओढणीला मागे गाठ मारावी माणसानं," एक आजोबा म्हणाले. "की आम्ही येऊन मारायची?"

तेवढ्यात काळ्या, दांडीच्या उंच सायकलवरून एक मुलगा उतरला. चौकड्यांचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केस कानाच्या वर कापलेले. त्यानं माझी सायकल एका हातानं उचलून धरली आणि बोलला, "हलू नको. मी चाक उलटं फिरवते."

फिरवते. त्या एका शब्दावरून मला कळलं की ही मुलगी आहे. चाक तिनं हळूहळू मागे नेलं, ओढणी सुटत आली, मला श्वास आला. तिनं ओढणीची घडी करून माझ्या बास्केटमध्ये ठेवली. ओढणीला वंगणाचे काळे पट्टे पडले होते. "घरी गेल्यावर आधी गोडं तेल चोळ, मग साबण लाव," ती म्हणाली. "नुसता साबण लावशील तर डाग जाणार नाही."

ती माझ्याच कॉलेजात, शेजारच्या तुकडीत निघाली.

तिच्या वडिलांची अमरावतीहून पुण्याला बदली झाली होती आणि ते लोक बिबवेवाडीत नव्या झालेल्या इमारतीत राहायला आले होते. तिथून ती रोज सायकलवर यायची, वडिलांच्याच. बसची तिला चीड होती. त्या आठवड्यापासून ती वाट वाकडी करून माझ्या दारात यायला लागली आणि आम्ही बरोबर जाऊ लागलो. पहिल्या दिवशी तिनं खालून हाक मारली, तेव्हा आईनं खिडकीतून वाकून पाहिलं.

"कोण मुलगा उभा आहे गं?"

"मुलगी आहे आई."

आईनं पुन्हा एकदा पाहिलं. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला निघून गेली.

तिच्याबद्दल सगळे असंच काहीतरी म्हणायचे. कॉलेजच्या सायकल स्टँडवर मुलं तिला 'भाऊ' म्हणायची. तिच्या वरच्या ओठावर बारीक लव होती, जरा ठसठशीत. त्यावरून मागून कुणीतरी मिशीला पीळ भरल्यासारखं करायचा आणि बाकीचे हसायचे. ती वळून बघायची नाही. सायकलला कुलूप लावायची, किल्ली शर्टाच्या खिशात टाकायची आणि चालू लागायची. मात्र चालताना तिचं बोट एकदा ओठावरून फिरून जायचं. हे फक्त मला दिसायचं, कारण मी तिच्या उजवीकडून चालायचे.

ज्यांनी तिला मुलगा ठरवलं होतं, त्यांनी तिला लेडीज रूममध्ये कधी पाहिलं नव्हतं. पोचल्यावर आमचा पहिला मुक्काम तिथे. मी घामेजलेल्या चेहऱ्यावर पावडर थापायचे आणि त्यावर पुन्हा घाम यायचा. ती आधी मान, कानामागे, मनगटं गार पाण्यानं धुवायची. स्वच्छ पंचाच्या तुकड्यानं टिपायची. मग केस ओले करून भांग पाडायची, आरशात नीट बघून, दोनदा. नखं तिची नेहमी कापलेली. चेन पडली तर बसवायला सगळ्यांच्या आधी तिचाच हात पुढे, आणि तरी तिच्या नखात कधी काळं दिसलं नाही. बॅगेत एका डबीत खोबरेल तेल असायचं, वंगण काढायला. तेच उरलेलं ती ओठांना लावायची.

"तुला नटायला आवडतं की नाही?" मी एकदा विचारलं.

"मला नीट राहायला आवडतं," ती म्हणाली. "नटायचं काय ते अजून समजलं नाही."

माझी वेणी लांब होती. कॉलेजच्या वाटेवरच्या पुलावर नदीकडून वारं आलं की ती सुटायची आणि तोंडावर यायची. एके दिवशी तिनं मला थांबवून सायकलच्या सीटवर टेकायला सांगितलं आणि माझी वेणी स्वतः घातली. मानेजवळ घट्ट, खाली आणखी घट्ट, आणि शेवट आत खोचून टाकला. आई वेणी घालायची तेव्हा डोकं मागे ओढलं जायचं. हिच्या बोटांना कसलीच घाई नव्हती. मी नदीकडे बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी मी घरून मुद्दाम सैल वेणी घालून निघाले. तिनं ती सोडून पुन्हा घातली. पुढची दोन-तीन वर्षं तो नेमच झाला.

मला तिच्यासारखं व्हायचं होतं. तिच्यासारखे केस, तिच्यासारखा शर्ट, तिच्यासारखं दांडीवरून पाय टाकून सायकलवर बसणं. एकदा मी म्हटलं, मीही बॉयकट करते.

"तुला आवडतात ना तुझे केस?"

"आवडतात."

"मग माझ्याकडं पाहून कशाला कापून राहिली?"

मी कापले नाहीत. पण त्या बोलण्यानं मला वाईटच वाटलं. तिनं मला तिच्यात घ्यायला नकार दिला, असं काहीतरी.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, डिसेंबरात, आम्ही कात्रजच्या बोगद्यापर्यंत सायकलवर गेलो. कल्पना तिची. घरी मी जर्नल पूर्ण करायला तिच्याकडे जाते असं सांगितलं होतं. उन्हानं काळी पडशील म्हणून आईनं मला स्कार्फ दिला होता. तेव्हा पुण्यातल्या मुली नुकत्याच डोळे तेवढे उघडे ठेवून तोंड बांधायला लागल्या होत्या. घाट चढता चढता मला स्कार्फमध्ये गुदमरायला झालं. तो मी काढून बास्केटमध्ये टाकला. गिअर वगैरे आमच्या सायकलींना नव्हतेच. मी अर्धा रस्ता सायकल ढकलत गेले. ती उभी राहून पेडल मारत होती, एका अंगावरून दुसऱ्या अंगावर झुलत, पाठीला शर्ट चिकटलेला. पुढे जायची, वळून माझ्यापर्यंत खाली यायची आणि पुन्हा चढायची. एका ट्रकवाल्यानं तिला पाहून हॉर्न वाजवला. तिनं हात वर केला.

बोगद्याच्या अलीकडे कठड्यावर बसून आम्ही तिच्या आईनं दिलेले धपाटे खाल्ले. खाली सगळं पुणं धुक्यात होतं. तिनं कागदावरचा चुरा झटकला. मग मान वर न करता म्हणाली,

"मी कशी दिसते गं तुला? खरं सांग."

"सायकल चालवताना ना? सुंदर."

"आणि उतरल्यावर?"

खरं तर उतरल्यावरही. ते मला म्हणता आलं नाही. मी ते चेष्टेवारी नेलं. "मग उतरूच नकोस," मी म्हटलं.

ती हसली. धपाट्याचा कागद नीट घडी करून तिनं खिशात ठेवला आणि आम्ही खाली निघालो. उतारावर तिनं दोन्ही हात सोडले. मी ब्रेक दाबून दाबून येत होते आणि वळणावळणावर ती दिसायची, मग दिसायची नाही, मग पुन्हा दिसायची.

निकाल लागला आणि तिच्याकडे स्थळं बघायला सुरुवात झाली. तिच्या आईनं मला बोलावून घेतलं. "तुझं ऐकते ती. केस वाढव म्हणावं बाई. अन् ते ओठावरचं... तू नेशील का तिला पार्लरमध्ये?" बाई मनाच्या मऊ होत्या. बोलताना त्यांचेच डोळे भरले होते.

मी नेलं. शेजारच्या इमारतीत, तळमजल्यावर, एका बाईंनी पुढच्या खोलीत पार्लर काढलं होतं. त्यांनी दोऱ्याचं एक टोक दातात धरलं आणि तिला म्हणाल्या, "जीभ आतून ओठाला लाव आणि हलू नकोस." दोरा ओठावरून सरकू लागला तशी तिनं माझं मनगट पकडलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"पहिल्या वेळेला येतंच," त्या बाई म्हणाल्या.

झाल्यावर ती आरशात बघत राहिली. ओठ लालबुंद सुजला होता. "बरं दिसून राहिलं का?" तिनं मला विचारलं. मी हो म्हटलं. दिसत होतं बरं.

ज्यानं तिला पसंत केलं तो कॉम्प्युटरमधला होता, अमेरिकेला निघालेला. तेव्हा घरटी एक मुलगा तिकडे निघाला होता. बघायला आला तेव्हा मी आतल्या खोलीत होते, कान देऊन. मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्यानं तिला गाणं येतं का, स्वयंपाक येतो का, असलं काही विचारलं नाही. "सायकल आवडते म्हणे तुम्हाला," तो म्हणाला. "तिकडे खूप छान सायकली मिळतात." ती खरंच खूश झाली. नंतर आत येऊन मला म्हणाली, "माणूस चांगला आहे गं." मी म्हटलं, "हो, आवाजावरून वाटला."

लग्नापर्यंत तिचे केस कसेबसे मानेपर्यंत आले होते. अंबाड्यासाठी गंगावण लावावं लागलं. ते बसवायचं काम माझ्याकडे आलं. इतकी वर्षं तिनं माझी वेणी घातली होती. मी तिच्या केसांना हात लावला तो त्या दिवशी पहिल्यांदा. पिना टोचत होत्या, पण ती एकदाही हूं की चूं करेना. नऊवारीत, नथीत, मुंडावळ्यांत ती इतकी देखणी दिसत होती की स्टँडवरच्या 'भाऊ' म्हणणाऱ्यांपैकी जेवायला आलेला एक जण मला म्हणाला, "ही ती नव्हेच." मी त्याला वाढायचं टाळून पुढे गेले.

सुरुवातीला पत्रं यायची. मग ई-मेल. मी सायबर कॅफेत बसून ती वाचायचे. तिकडच्या घराजवळ सायकल चालवायला रस्ता नाही. मोटारीवर सायकल बांधून बागेत न्यायची, तिथे चालवायची आणि पुन्हा बांधून आणायची, असं तिनं लिहिलं होतं. पुढे तिला मुलं झाली. मग मेलही कमी झाले.

मी हिंजवडीला एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला लागले. सकाळी कंपनीची बस यायची. पहिल्याच महिन्यात एका बाईंनी आम्हा मुलींना बसवून भुवया कशा हव्यात, लिपस्टिक किती गडद चालेल, हात मिळवताना तळवा ओला नको, असं सगळं शिकवलं. मी ते मनापासून शिकले. दर पंधरवड्याला थ्रेडिंग, हातमोजे, स्कार्फ, स्कूटर. माझी सायकल जिन्याखाली गंजली आणि एके दिवाळीत आईनं ती कुणालातरी देऊन टाकली. मला हे कळलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, बरं केलंस.

पंचेचाळिशीनंतर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, म्हणून मी बायकांच्या एका सायकल ग्रुपमध्ये जाऊ लागले. तिथे एकीनं अर्धं डोकं भादरलेलं आहे आणि नाकात चमकी आहे. एक जण निघण्यापूर्वी उभ्या गाडीच्या आरशात बघून लाल लिपस्टिक लावते आणि चढावर आम्हा सगळ्यांना मागे टाकते. एकीच्या पिंढऱ्यांवर केस आहेत, ती आखूड चड्डी घालते. कुणी कुणाला काही म्हणत नाही. पहिल्या रविवारी त्यांच्यात उभी राहून मी हेल्मेटचा पट्टा लावत होते आणि तिची अशी काही आठवण आली की पट्टा लागेना. या घोळक्यात ती वीस वर्षांची असायला हवी होती.

गेल्या हिवाळ्यात ती आली. वडील गेल्यानंतर आई बिबवेवाडीच्या घरी एकटी होती, तिच्याजवळ महिनाभर राहायला. मी मुद्दाम सायकलवरून गेले. ती खाली आली. खांद्यापर्यंत रुळणारे केस, बरेचसे पांढरे, चष्मा. वरचा ओठ गुळगुळीत. लेझरनं कायमचं काढलं, तिनं सांगितलं. आम्ही एकमेकींकडे बघून उगाच हसत राहिलो. मग तिनं माझ्या सायकलच्या हँडलवर हात ठेवला.

"चालवू का?"

"विचारतेस काय!"

तिनं चष्मा माझ्याकडे दिला. जरा अडखळली, मग पाय टाकून बसली आणि इमारतीला वळसा घालायला निघाली. पहिली काही पेडलं डळमळीत. नंतर पाठ सैल झाली, कोपरं सैल झाली, आणि मागच्या विंगपाशी वळताना ती सीटवरून उठून उभी राहिली.

मग ती दिसेनाशी झाली. त्या इमारतीला मागच्या बाजूला दुसरं फाटक आहे, मोठ्या रस्त्यावर उघडणारं. मी चष्मा हातात धरून उभी होते आणि मला मनापासून वाटत होतं की हिनं आता येऊ नये. त्या फाटकातून निघावं, चष्म्याशिवाय, आणि जावं. मी थांबेन इथे. तिच्या आईला काय सांगायचं ते बघेन.

ती आली. वळणावरून तशीच उभ्यानं आली, माझ्यापाशी ब्रेक दाबला आणि उतरली. चेहरा लाल झाला होता, श्वास लागला होता.

"सीट उंच आहे तुझी," ती म्हणाली आणि चष्म्यासाठी हात पुढे केला.

वरून गॅलरीतून तिच्या आईनं हाक मारली, पोहे निवून राहिले म्हणून. आम्ही सायकल जिन्याखाली लावली आणि वर गेलो.