मुकादम जेवल्याशिवाय

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी विठ्ठलवाडीच्या बाजारात सुके बोंबील निवडत होतो. बोंबील आमच्यासाठी नव्हते. सकाळीच पालेगावहून वहिनीचा फोन येऊन गेला होता. "भाऊजी, मुकादम आजपण तोंड लावत नाय. येताना थोडे सुके बोंबील आणा, वासानं तरी उठेल." मुकादम म्हणजे तिचा बोका. मी नेहमीसारखं विचारलं, "तू खाल्लंस का?" "खाते ना. त्यानं खाल्लं की लगेच बसते." एवढंच बोलणं झालं आमचं. त्यानंतर बाजारात फोन वाजला तो तिच्या समोरच्या फ्लॅटमधल्या कविताचा. ही मूळची उल्हासनगरची सिंधी मुलगी, वहिनीला दीदी म्हणायची आणि घराची एक किल्ली तिच्याकडे असायची. "भाईसाब, जल्दी आओ. दीदी उठतच नाहीत... डॉक्टर को बुलाया, वो बोलते हैं अब कुछ नहीं..." मी बोंबलांची पिशवी हातात धरून रिक्षात बसलो. ती पिशवी खाली ठेवावी हेही सुचलं नाही, आणि रिक्षावाला वासामुळे सारखा मागे वळून बघत होता.

वहिनी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली होती. बसल्या बसल्याच गेली. पुढ्यात मुकादमची जर्मनची ताटली, तिच्यात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, वरून वाळून गेलेले. मुकादम तिच्या मांडीला लागून बसला होता आणि कोणालाही हात लावू देत नव्हता. ओट्यावर वहिनीचं स्वतःचं ताट दुसऱ्या ताटाखाली झाकून ठेवलेलं. कविताने ते उघडलं. दोन भाकऱ्या, मुगाची उसळ, कांद्याची फोड... एक घासही मोडलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, साखर पार खाली गेली असणार, इन्सुलिन घेतलं आणि पोटात काही नव्हतं. मधुमेहाचं माणूस असं जातं हे ऐकून होतो. पण वहिनीला यातलं सगळं ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये, म्हणून हे लिहायला बसलोय.

सुमन वहिनी मूळची चिखलोलीची. आता तिथे नवं रेल्वे स्टेशन होणार म्हणून जाहिराती लागतात, तेव्हा भातशेती होती. तिच्या माहेरी एक रीत होती, गोठ्यातल्यांचं पोट भरल्याशिवाय घरातल्यांचं ताट मांडायचं नाही. शेतकऱ्याच्या घरात असं बोलतात सगळेच, पण बोलणं वेगळं आणि पाळणं वेगळं. आमच्याकडे बैलांना वैरण पडायची आणि माणसंही आपल्या वेळेला जेवायची, कोण आधी कोण नंतर हे कुणी बघत नव्हतं. वहिनी लग्न होऊन आली आणि पहिल्याच दिवशी पंगतीत बसेना. आईला वाटलं, नवी सून लाजतेय. ही गोठ्यात जाऊन बघून आली, दोन्ही बैलांनी तोंड घातलंय याची खात्री केली आणि मग पाटावर बसली. मी तेव्हा कॉलेजात जात होतो आणि अतिशहाणा होतो. "वहिनी, बैल काय पाहुणे आहेत का?" असं म्हटलं, तर म्हणाली, "पाहुणे तर आपण. शेत ते नांगरतात."

त्याच वर्षी आमचा पिवळ्या बैल आजारी पडला. वैरणीकडे बघेना, पेंड पुढे केली तर मान फिरवायचा. वहिनीने जेवण सोडलं. गाजावाजा केला नाही, उपास आहे असंही सांगितलं नाही, नुसती पाणी पिऊन कामं करत राहिली. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तिच्यावर ओरडला. आईने शपथ घातली. वहिनी म्हणाली, "उपाशी जनावरासमोर घास गिळायचा कसा, ते मला शिकवा, मग गिळते." शेवटी एका सकाळी पिवळ्याने ओला चारा ओढला, आणि वहिनी तिथेच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून शिळी भाकरी खायला लागली. ती खातानाचा तिचा चेहरा मला अजून दिसतो. माझ्या मते घात तिथेच झाला. त्या दिवशी पिवळ्या उठला नसता तर तिचा या रीतीवरचा विश्वास थोडा तरी डळमळला असता.

पुढे शेत गेलं, बैल विकले, गावातल्या घराच्या जागी बिल्डरने टॉवर उभा केला आणि त्यात आम्हाला वाट्याचे फ्लॅट मिळाले. मी माझा विकून विठ्ठलवाडीला राहिलो, कारण माझ्या बायकोचं, मंगलचं, माहेर तिथलं. दादा आणि वहिनी पालेगावातच थांबले. मूलबाळ नव्हतं. दादा गेल्यावर वहिनी एकटी राहिली आणि त्याचं नाव कोरलेल्या स्टीलच्या ताटात जेवू लागली. शेजारी अजून एक इमारत चढत होती. तिथल्या रेतीच्या ढिगावर एक बोका दिवसभर बसून मजुरांवर नजर ठेवायचा. वहिनी गॅलरीतून बघायची आणि हसायची, म्हणून मुकादम. काम संपलं, मजूर गेले, आणि मुकादम जिना चढून वहिनीच्या दारात येऊन बसला. मांजर या प्राण्याशी माझं कधी जमलं नाही. बैल राबतो, कुत्रा भुंकतो, हा काय करतो? वहिनी म्हणाली, "हा वाट बघतो. घरात कुणीतरी वाट बघणारं लागतं, भाऊजी."

मुकादमला साखरेचा आजार आहे हे वहिनीनेच ओळखलं. तो न्हाणीघरातल्या बादलीतून घटाघटा पाणी प्यायला लागला, खाऊनखाऊन वाळत चालला, आणि त्याच्या लघवीसाठी ठेवलेल्या रेतीच्या घमेल्याला मुंग्या लागल्या. "हे तर माझंच दुखणं," ती म्हणाली आणि त्याला पिशवीत घालून उल्हासनगरला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर सिंधी, मध्यम वयाचे, मोजकं बोलणारे. त्यांनी दूध बंद केलं, भाकरीचा काला बंद केला, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लावलं. आणि एक नियम दिला, तो वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "खाया नहीं तो सुई नहीं. पहले मुझे फोन." आपली तांदळाची भाकरी सोडून ज्वारीवर आली तेव्हा हूं की चूं न करणारी बाई त्याचा काला बंद झाला म्हणून डोळे पुसत होती. फ्रिजच्या दारात दोघांच्या बाटल्या शेजारी शेजारी. चूक होऊ नये म्हणून त्याच्या बाटलीला दुधाच्या पिशवीचं लाल रबर गुंडाळलेलं.

सकाळचा क्रम तिने असा बसवला होता. आधी स्वतःची सुई, कारण त्यानंतर अर्धा तास थांबून तिला जेवायचं असे. त्या अर्ध्या तासात मुकादमला ताटली द्यायची, तो खात असताना त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून त्याची सुई टोचायची, आणि मग दादाचं ताट घेऊन आपण बसायचं. मोठी चोख व्यवस्था होती. मुकादमला वेळच्या वेळी भूक लागत होती तोवर त्या घरात कुणाला काही झालं नाही.

मग एके दिवशी मुकादमने ताटलीकडे पाठ केली. डॉक्टरांनी तपासलं, पोटाला सूज आहे म्हणाले, मळमळीचं औषध दिलं, इन्सुलिन कमी केलं. मांजराला फार दिवस उपाशी ठेवून चालत नाही, लिव्हर जातं, सुईशिवायच्या पिचकारीने थोडं थोडं भरवा, असंही सांगितलं. वहिनीने काही करायचं बाकी ठेवलं नाही. चिकन कोमट करून दिलं, मासळीचं पाणी दिलं, बोटाने त्याच्या ओठांना लावलं. तो चाटायचा आणि तोंड वळवायचा. पिचकारीने भरवलेलं ती जेवण धरत नव्हती. "ते औषध झालं. मनानं खाल्लं पाहिजे," असं तिचं म्हणणं. आणि तो मनाने खाईपर्यंत तिचं ताट झाकलेलं राहायचं. मुकादमची सुई मात्र नियमाप्रमाणे थांबायची. खाल्लं नाही तर टोचायचं नाही, हे तिच्या स्वतःच्या बाबतीत कधी लागूच झालं नाही. स्वतःची सुई ती वेळेवर घेत राहिली, कारण तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की वेळ चुकवायची नाही.

त्यातच एकदा कविता वाटी द्यायला म्हणून आली तर वहिनी घामाने भिजलेली, बोलताना अडखळत होती. कविताने साखरेचं पाणी पाजलं आणि मला फोन केला. मी गेलो आणि नको इतका चिडलो. "वहिनी, हा बैल नाही आणि तू वीस वर्षांची नाहीस. आधी तू खा, मग त्याला काय ते भरव." तिने ऐकून घेतलं. पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "भाऊजी, तो माझ्याकडे बघत असतो हो. मी खाल्लं तर त्याला काय वाटंल?" मी म्हणालो, "मांजराला काही वाटत नाही." कविता म्हणाली, "दीदी, उसके सामने नहीं खाना तो मेरे घर आके खाओ ना." वहिनीने मान हलवली. त्याला एकटं टाकून शेजारी जाऊन जेवणं तर तिला आणखीच वाईट वाटलं असणार. मी निघताना तिने कबूल केलं, "खाते. उद्यापासून आधी खाते." आणि मी विश्वास ठेवला, कारण वहिनी खोटं बोलत नसे. इतका, की शेवटच्या सकाळी फोनवर ती "त्यानं खाल्लं की लगेच बसते" म्हणाली तेही माझ्या कानावरून गेलं. खोटं ती कबूल करतानाही बोलली नसावी. करायचं मनात असेल, ताट वाढून घेतलं असेल, आणि मग मुकादमने वर बघितलं असेल...

दहाव्याला आम्ही बदलापूरला, उल्हास नदीच्या काठावर गेलो. सगळं मीच केलं, दुसरं कोण होतं? पिंड ठेवून मागे सरकलो. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर मनात बोला, कधी कधी फार वेळ लागतो. माणसं सावली शोधायला लागली, उन्हात ताटकळायची तयारी करायला लागली. मी मुकादमचं नाव घ्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात कावळा आला आणि पिंड घेऊन गेला. मागे वळून बसायलाही कुणाला वेळ मिळाला नाही. लोक म्हणाले, सुमनवहिनीची काही इच्छा मागे राहिली नाही, पुण्यवान बाई. मला संताप आला. आयुष्यभर दुसऱ्या तोंडाची वाट बघत उपाशी बसली आणि आम्हाला म्हणून घटकाभरही खोळंबून ठेवलं नाही. मी तिथे रडलो, ते दुःखाने कमी आणि रागाने जास्त.

मुकादमला मी घरी आणलं होतं. तो मंगलच्या खाटेखाली शिरला तो बाहेर येईना. डॉक्टरांकडे नेऊन सलाईन झालं, औषधं बदलली. मंगल त्याला टॉवेलात गुंडाळून धरायची आणि मी पिचकारीने भरवायचो. अर्धं त्याच्या पोटात, अर्धं माझ्या सदऱ्यावर. ताटली पुढे ठेवली की पाठ. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "कोशिश करो, पर उम्मीद कम रखो." मंगलने तर मनाची तयारी केली होती.

दहाव्यानंतरची गोष्ट. दुपारी मी खाटेपाशी जमिनीवर बसून त्याची मनधरणी करत होतो. मंगल म्हणाली, "अहो, तुमची साखरसुद्धा काठावर आहे. वहिनींसारखं करू नका. आधी गिळा." आणि माझं ताट तिथेच आणून आदळलं. वहिनीच्या घरून आणलेलं, दादाच्या नावाचं ताट. मी वैतागून भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. खाटेखालून मुकादम बाहेर आला. माझा हात हुंगला, ताट हुंगलं, मग माझ्याकडे बघत आपल्या ताटलीशी गेला आणि खायला लागला. मी थक्क होऊन थांबलो, तर तोही थांबला. मंगल दारातून हलक्या आवाजात म्हणाली, "खा. खात राहा तुम्ही." मी दुसरा घास घेतला. त्याने मान खाली घातली.

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना फारसं नवल वाटलं नाही. औषध लागू पडलं असेल, म्हणाले, आणि काही जनावरांना सोबत लागते, घरचं माणूस खाताना दिसलं की तीही खातात. फोन ठेवून मी ते मंगलला सांगितलं. दोघांच्याही डोक्यात एकच होतं. पालेगावच्या त्या स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर बसलेली. ही त्याच्याकडे बघतेय, तो हिच्याकडे बघतोय. दोघंही उपाशी, आणि आधी कुणी खायचं...

मुकादम आता बरा आहे, म्हणजे आहे तेवढा बरा. लाल रबराची बाटली आमच्या फ्रिजच्या दारात आली आहे. रोज त्याची ताटली खाली ठेवतो, दादाचं ताट घेऊन समोर बसतो आणि पहिला घास मी घेतो. उपाशी जनावरासमोर घास गिळायचा कसा, असं तू विचारलं होतंस, वहिनी. मला अजून नीट येत नाही. तो टक लावून बघत असतो आणि घास घशाखाली उतरत नाही. मी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलतो. मग तो खायला लागतो.