धाकट्या जावेची बोटं

गिटारवर सी कॉर्डवरून एफवर जायला मी दीड वर्ष घासत होते, तरी जमत नव्हतं. तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबायची आणि त्याच झटक्यात बाकीची बोटं जागेवर टेकवायची. पोलादपूरच्या शाळेत शिकवून कापडे गावात घरी आले की भाकऱ्या थापायच्या आधी अर्धा तास मी पडवीत हाच बदल घोटायचे. भाताची लावणी उरकते त्या दिवशी आमच्याकडे कोंबड्याचं जेवण असतं, मग गाणी. या वर्षी त्यात गिटार वाजवायची, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

लावणीला मुंबईहून धाकटी जाऊ आली. "ताई, बघू का जरा?" म्हणत तिने गिटार घेतली आणि दुसऱ्या संध्याकाळी सी-एफ, सी-एफ असं सहज करायला लागली. कॉलेजात सहा महिने शिकली होती म्हणे. सासूबाई मला म्हणाल्या, "हिच्या हातात गोडवा हाय गो." दीड वर्षात माझ्या हाताबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

आमच्यात कामं वाटून देणं थोरल्या सुनेकडे, म्हणजे माझ्याकडे. मी तिला रोपं उपटून मुठी बांधायला बसवलं. दिवसभर बोटं चिखलपाण्यात आणि वर भाताची धारदार पात. तार दाबणारी बोटं त्यात चार दिवसांत सोलून निघतात, हे मी मागच्या लावणीत स्वतः भोगलं होतं. म्हणूनच शाळेला रजा टाकूनही मी शेतात उतरले नाही, चूल सांभाळली आणि भात शिजेपर्यंत सराव केला. "धाकटीला बघ, चकार शब्द काढत नाय," सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. तेही मलाच ऐकावं लागलं.

शेवटच्या दिवशी जेवणं झाल्यावर धाकटीने गिटार उचलली, एकदा तार दाबली आणि कळवळून ती माझ्या मांडीवर ठेवली. "ताई, तुम्हीच वाजवा."

मी वाजवली. एफ स्वच्छ लागला, गाणं संपेपर्यंत एकदाही अडखळले नाही. मंडळी पानसुपारीकडे वळली. टाळ्या वाजवल्या त्या एकट्या धाकटीने, चिंध्या बांधलेल्या बोटांनी, त्यामुळे आवाजही आला नाही. पण तिचा चेहरा खरोखर फुलला होता. मला तेव्हाही तिचा हेवाच वाटला. तिच्या जागी मी असते, तर टाळी वाजवली नसती.